कुत्र्या-मांजरांची भीती आणि ‘नैसर्गिक’ गोळीची मर्यादा

उसाचा हंगाम सुरू झाला की कराड, वाळवा, पलूस, कडेगाव भागातल्या रस्त्यांवरून दिवसरात्र ट्रॅक्टर धावतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या आणि वर मोठ्या आवाजातली गाणी. रस्त्याकडेच्या घरातलं कुत्रं या गोंगाटात अंगणात पाय पसरून झोपलेलं असतं. तेच कुत्रं लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पहिला सुतळी बॉम्ब फुटताच दिवाणाखाली शिरतं, थरथरतं, लाळ गाळतं. आवडीचं चिकन पुढे ठेवलं तरी तोंड लावत नाही. मांजर तर माळ्यावर जाऊन बसतं, ते दुसऱ्या दिवशीही खाली येत नाही. मोठा आवाज दोन्हीकडे आहे. मग एकाची सवय होते आणि दुसऱ्याची का होत नाही?

या कोड्याचं उत्तर कळलं, तर आणखी एक प्रश्न सुटतो. पेट शॉपमध्ये आणि ऑनलाइन आता ‘नैसर्गिक’, ‘हर्बल’, ‘ताण कमी करणारे’ अशा नावांनी गोळ्या, पावडरी आणि चघळायच्या वड्या मिळतात. सातारा-सांगलीतही घरोघरी कुत्री-मांजरं पाळली जाऊ लागल्यामुळे दिवाळीच्या तोंडावर त्यांची चौकशी वाढते. या गोळ्या काम करतात का? करत असतील तर कशा? आणि कुठे थांबतात?

भीती शरीरात कशी चढते

आधी कान पाहू. माणसाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला साधारण ४५ हजारांपर्यंत आणि मांजराला ६० हजारांच्याही पुढचा. फटाका फुटतो तिथून चार मीटरवर १२५ डेसिबलपर्यंतचा आवाज आपल्याकडे नियमात बसतो, तर निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. म्हणजे एरवीच्या शांत रात्रीत हा स्फोट अचानक येतो आणि तो ऐकणारा कान आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असतो.

पण फक्त तीव्रतेनं कोडं सुटत नाही. ट्रॅक्टर लांबून येताना ऐकू येतो, हळूहळू जवळ येतो, निघून जातो. रोज तसंच घडतं आणि त्यातून वाईट काही होत नाही. मेंदू ते शिकतो आणि आवाजाकडे दुर्लक्ष करतो. फटाक्याला पूर्वसूचना नसते, त्याची दिशा कळत नाही, पुढचा कधी फुटेल याचा अंदाज येत नाही आणि त्याच्यापासून पळून जाता येत नाही. अंदाज नसणं आणि सुटका नसणं, या दोन गोष्टी मिळून साध्या आवाजाची दहशत होते. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसातल्या गडगडाटाचंही असंच असतं.

मेंदूच्या आतल्या भागात भीतीची नोंद घेणारं एक छोटं केंद्र असतं, त्याला अमिग्डला म्हणतात. धोका वाटला की त्याच्याकडून निघालेला संदेश मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोहोचतो. तिथून अ‍ॅड्रेनॅलिन आणि पाठोपाठ कॉर्टिसोल रक्तात उतरतं. हृदय जोरात धडधडतं, स्नायूंकडे रक्त वळतं, पचन मंदावतं. चिकनला तोंड न लावणारं कुत्रं हट्ट करत नसतं. त्याचं शरीर त्या वेळी जेवणाच्या अवस्थेतच नसतं.

ही भीती लक्षातही राहते. म्हणून एका दिवाळीला नुसतं कान टवकारणारं कुत्रं पुढच्या दिवाळीला लपून बसू शकतं आणि नंतर पावसाच्या गडगडाटालाही घाबरू लागतं. फिनलंडमध्ये १३,७०० पाळीव कुत्र्यांची माहिती गोळा करून २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चिंतेशी संबंधित तक्रारींमध्ये आवाजाची धास्ती सर्वांत जास्त, म्हणजे ३२ टक्के कुत्र्यांमध्ये आढळली. तुमचं कुत्रं घाबरत असेल तर ते भित्रं किंवा लाडावलेलं आहे असं समजू नका.

दोन प्रकारचे ताण

फटाका, गडगडाट, दवाखान्याची फेरी हे झटक्याचे ताण आहेत. काही तास राहतात आणि ओसरतात. दुसरा ताण लांबतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगलीतल्या आणि कृष्णाकाठच्या गावांतल्या अनेक कुटुंबांना घर सोडावं लागलं. अशा वेळी प्राण्याची जागा, वास, जेवणाची वेळ, ओळखीची माणसं सगळंच एकदम बदलतं. घर बदलणं, नवं बाळ येणं, दुसरं मांजर आणणं, घरातलं माणूस नोकरीसाठी पुण्याला जाणं, यांतूनही असा लांबलेला ताण येतो.

कुत्र्याचा ताण दिसतो. ते धापा टाकतं, येरझारा घालतं, ओठ चाटतं, भुंकतं, दार ओरबाडतं. मांजराचा ताण लपतो. ते कमी खातं, कोपऱ्यात बसतं, एकाच जागी चाटून चाटून केस घालवतं, मातीच्या ट्रेबाहेर लघवी करतं. ताणामुळे मांजराच्या मूत्राशयाला सूज येऊ शकते. बोक्याची लघवी अडली तर तासाभराचाही उशीर न करता डॉक्टर गाठावा लागतो. मांजर सलग दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जीव धोक्यात येतो. म्हणून ‘रुसलंय, येईल खाली’ असं म्हणत वाट पाहू नये.

झटक्याचा आणि लांबलेला ताण यांतला हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण बाजारातली बहुतेक पूरकं, म्हणजे या गोळ्या-पावडरी, लांबलेल्या ताणासाठी हळूहळू काम करण्याच्या कल्पनेवर बेतलेली आहेत. लोक मात्र ती फटाक्यांच्या रात्री विकत आणतात.

डबीत नेमकं काय असतं

*दुधातला तुकडा.* गाईच्या दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं. ट्रिप्सिन या पाचक विकरानं ते विशिष्ट ठिकाणी तोडलं की दहा अमिनो आम्लांची एक छोटी साखळी मिळते. तिचं नाव अल्फा-कासोझेपिन. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन चेतापेशींची खळबळ कमी करत असतं. ही साखळी गाबाच्या कामाला हातभार लावते असं मानलं जातं. फ्रान्समध्ये यावर बरंच काम झालं आणि कुत्रा व मांजर दोघांवरही चाचण्या झाल्या. मग वाटीभर दूधच का पाजू नये? कारण मोठ्या प्राण्याच्या पोटात दूध पचताना ही साखळी पुरेशी तयार होईल याची खात्री नसते. शिवाय बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात. ताणलेल्या प्राण्याला जुलाबाची भर नको.

*ट्रिप्टोफॅन.* हे एक अमिनो आम्ल आहे. त्यापासून मेंदूत सेरोटोनिन तयार होतं आणि सेरोटोनिन मन स्थिर ठेवायला मदत करतं. मांस, अंडी, पनीर यांत ट्रिप्टोफॅन असतंच, तर वेगळं कशाला द्यायचं? इथे सातारा स्टँड डोळ्यांसमोर आणा. सणाच्या दिवशी एसटी लागली आणि दार एकच आहे. दारात दांडग्या प्रवाशांची झुंबड आहे आणि त्यांत एखादंच कृश म्हातारं माणूस. गर्दी जितकी जास्त, तितकी त्याची आत शिरण्याची शक्यता कमी. रक्तातून मेंदूत जायच्या वाटेवर ट्रिप्टोफॅनची अशीच गत होते. मांसाहारातून इतर मोठी अमिनो आम्लं भरपूर येतात आणि त्याच वाटेसाठी झुंजतात. ट्रिप्टोफॅन त्यांच्या मानानं थोडं असतं, म्हणून मागे पडतं. वेगळं ट्रिप्टोफॅन दिलं की त्याचं प्रमाण वाढतं आणि आत जाणाराही वाटा वाढतो. काही खास पशुआहारांत अल्फा-कासोझेपिन आणि ट्रिप्टोफॅन एकत्र घातलेलं असतं.

*थिअनिन.* हे चहाच्या पानातलं अमिनो आम्ल आहे. जपानी संशोधकांनी १९४९ च्या सुमारास ते हिरव्या चहातून वेगळं केलं. मेंदूला उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेट या रसायनाशी त्याची रचना मिळतीजुळती आहे आणि ते ग्लुटामेटचा परिणाम थोडा सौम्य करतं. माणसांना घाबरणाऱ्या आणि गडगडाटाला भिणाऱ्या कुत्र्यांवर त्याच्या छोट्या चाचण्या झाल्या, त्यांतून काही फायदा दिसला. पण चहा पाजणं हा याला पर्याय नाही. चहातलं कॅफिन कुत्र्या-मांजरांच्या हृदयाची गती वाढवतं आणि जास्त प्रमाणात विषारी ठरतं.

*आतड्यातले मित्रजिवाणू.* आतडं आणि मेंदू यांच्यात चेतातंतू आणि रसायनांमार्फत सतत देवाणघेवाण चालते. बायफिडोबॅक्टेरियम लाँगम या जिवाणूचा एक विशिष्ट वाण चिंताग्रस्त कुत्र्यांसाठी विकला जातो. त्याचा परिणाम पाहायला सुमारे सहा आठवडे लागतात. दिवाळीच्या आदल्या दिवशी आणलेली पुडी त्या दिवाळीला कामाची नाही. आणि वाण विशिष्ट असल्यामुळे घरचं दही त्याची जागा घेत नाही.

*वनस्पती.* आपल्याकडे अश्वगंधा, ब्राह्मी, जटामांसी आणि तगर यांचे अर्क पशूंच्या मिश्रणांतही असतात. अश्वगंधेच्या मुळाच्या अर्काची कुत्र्यांवर छोटी नियंत्रित चाचणी झाली असून ताणाच्या खुणा कमी झाल्याचं तीत दिसलं. मात्र माणसांमध्ये अश्वगंधेमुळे थायरॉइड संप्रेरकांचं प्रमाण वाढल्याच्या आणि क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून आजारी, गाभण किंवा औषधं चालू असलेल्या प्राण्याला ती परस्पर देऊ नये. मांजरांवरची माहिती तर फारच थोडी आहे.

*मांजराला वेड लावणाऱ्या वनस्पती.* कॅटनिप या विदेशी वनस्पतीतलं नेपेटालॅक्टोन मांजराच्या नाकातून काम करतं. सुमारे दोन तृतीयांश मांजरं त्यावर लोळतात, घासतात. हा गुण आनुवंशिक आहे आणि लहान पिल्लांत दिसत नाही. आपल्या बांधावर, परसात उगवणाऱ्या खोकली या तणाच्या मुळाला मांजरं अशीच भुलतात, कारण त्यात त्याच कुळातलं रसायन असतं. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांचा असतो आणि तो खेळाचा आहे. भीतीवरचा तो इलाज नाही. खोकलीत सायनाइड सोडणारा घटकही असतो, म्हणून तिचं मूळ उपटून मांजराला खायला देऊ नका.

पुरावा काय सांगतो

स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठातल्या स्टेफनी रीमर यांनी फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांचं सर्वेक्षण केलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात १,२२५ मालकांची उत्तरं होती. गंधद्रव्यं, वनौषधी, पूरक गोळ्या, सुगंधी तेलं, होमिओपॅथी, फुलांचे अर्क या सगळ्यांचा फायदा झाल्याचं सांगणारे मालक प्रत्येक गटात २७ ते ३५ टक्के होते. अंगाला घट्ट बसणाऱ्या जाकिटासाठी हा आकडा ४४ टक्के होता. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांसाठी ६९ टक्के. शांत पडून राहायला शिकवण्याच्या सरावासाठीही ६९ टक्के. आणि फटाका फुटताच लगेच आवडीचा खाऊ किंवा खेळ देण्याच्या पद्धतीसाठी ७० टक्क्यांहून अधिक.

या आकड्यांतली एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पूरकांचा आकडा शून्य नाही, पण निव्वळ विश्वासामुळे जेवढा फरक जाणवू शकतो त्याच्या पलीकडे तो फारसा जात नाही. प्राण्याला गोळीचं नाव कळत नाही, तरी हा विश्वास काम करतो, कारण निरीक्षण करणारा माणूसच असतो. गोळी दिल्यावर माणूस निर्धास्त होतो, प्राण्याशी शांतपणे वागतो आणि सुधारणा शोधत राहतो. त्यातच त्या वर्षी फटाके कमी वाजले असतील तर श्रेय गोळीला जातं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सौम्य भीती असेल, ताण लांबलेला असेल आणि बाकीचे उपाय चालू असतील, तर चांगल्या दर्जाचं पूरक जोडीला देण्यात गैर काही नाही. पण सगळा भरवसा त्यावर ठेवून सराव आणि गरज असलेलं औषध टाळणं हा प्राण्यावर अन्याय आहे.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

आपल्या घरांत तान्ह्या बाळाला झोप लागावी म्हणून सहाणेवर जायफळ उगाळून चाटवायची पद्धत आहे. तीच मात्रा घाबरलेल्या कुत्र्याला द्यावी असं सहज मनात येतं. जायफळातलं मायरिस्टिसिन कुत्र्याला बाधतं. जास्त प्रमाणात गेलं तर हृदयाची गती वाढते, भान हरपतं, झटकेही येऊ शकतात.

तासगाव-सांगलीचा बेदाणा देशभर नावाजलेला आहे, पण कुत्र्यासाठी द्राक्षं आणि बेदाणे दोन्ही घातक आहेत. मूठभर बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर त्रास होईल हे कुत्र्यागणिक बदलतं. त्यामुळे बक्षीस म्हणून एकही बेदाणा नको आणि द्राक्षांपासून केलेली आसवं, अवलेहही नकोत. बागेत राखणीला कुत्रं ठेवणाऱ्यांनी आणि शेडवर बेदाणा सुकवणाऱ्यांनी तर विशेष जपावं.

मांजराचं यकृत वेगळं असतं. अनेक रसायनं शरीराबाहेर टाकण्यासाठी ती ग्लुकुरोनिक आम्लाशी जोडावी लागतात. हे काम करणारं एक महत्त्वाचं विकर मांजरात निकामी आहे. त्यामुळे माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. याच कारणानं नीलगिरी, टी-ट्री यांसारखी तेलं मांजराच्या अंगाला लावू नयेत, बंद खोलीत त्यांचा फवाराही मारू नये. कापूरही कुत्र्या-मांजरांच्या पोटात जाता कामा नये.

माणसांसाठीच्या झोपेच्या चघळवड्यांत कधी कधी झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. त्यानं कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्यानं खाली येते. ट्रिप्टोफॅन किंवा त्याच्यासारखं पूरक आणि सेरोटोनिन वाढवणारं डॉक्टरी औषध एकत्र गेलं तर सेरोटोनिन धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. भांग, दारू आणि घरातली झोपेची गोळी ही तर द्यायचीच नाही. नुसतं गुंगवलेलं कुत्रं शांत दिसतं, पण त्याच्या आतली भीती तशीच असते आणि पळायचं बळही गेलेलं असतं.

अनंत चतुर्दशी ते लक्ष्मीपूजन

आपल्या पंचांगानं एक सोय करून ठेवली आहे. अनंत चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन यांच्यामध्ये सुमारे दीड महिना असतो. विसर्जन मिरवणुकीच्या ढोल-ताशांत आणि डॉल्बीच्या दणदणाटात तुमचा प्राणी कसा वागला ते पाहा आणि दुसऱ्याच आठवड्यात तयारीला लागा.

पहिलं काम म्हणजे पशुवैद्यकाकडून तपासणी. सांधेदुखी, कान किंवा दातांचं दुखणं, म्हाताऱ्या मांजरातला थायरॉइडचा विकार यांमुळेही अस्वस्थता येते. दुखणाऱ्या कुत्र्याला दचकण्याचाही त्रास होतो आणि आवाजाची धास्ती वाढते. अशा वेळी दुखण्यावर उपचार झाले की भीतीही कमी होते.

दुसरं म्हणजे लपायची जागा. घराच्या आतल्या खोलीत, खिडकीपासून लांब, टेबलाखाली जाड वाकळ टाकून जागा करा आणि आधीपासून तिथेच खाऊ द्या. मांजरासाठी उंचावरचा फळीचा कोपरा किंवा आडवा ठेवलेला पुठ्ठ्याचा खोका पुरतो.

तिसरं म्हणजे सराव. मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी हळू लावा, इतका हळू की कुत्रं फक्त कान हलवेल. लगेच उकडलेल्या अंड्याचा किंवा चिकनचा तुकडा द्या. रोज पाच मिनिटं. आवाज काही दिवसांनी थोडाच वाढवा. कुत्रं ताणलं तर मागच्या पायरीवर या. आवाजाच्या मागोमाग चांगलं काहीतरी येतं, हे मेंदूला हळूहळू पटतं.

पूरक द्यायचं ठरलं तर तेही याच सुमारास, डॉक्टरांच्या सल्ल्यानं आणि वजनाप्रमाणे सुरू करावं. एका वेळी एकच. त्यानं पोट बिघडतं का हे सणाआधी कळतं.

प्रत्यक्ष सणाच्या दिवशी दिवस मावळायच्या आत कुत्र्याला फिरवून आणा, दारं-खिडक्या बंद करा, पंखा किंवा टीव्हीचा सलग आवाज चालू ठेवा. गळ्यातल्या पट्ट्यावर तुमचा मोबाइल नंबर असू द्या. घाबरलं की जवळ घ्या. जवळ घेतल्यानं भीती वाढते हा समज चुकीचा आहे. ओरडल्यानं मात्र ती नक्की वाढते.

नवं पिल्लू आणणाऱ्यांना आणखी मोठी संधी असते. कुत्र्याच्या पिल्लाचे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचे दिवस आणि मांजराच्या पिल्लाचे दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचे दिवस जग ओळखण्याचे असतात. जत-आटपाडीकडे मेंढपाळाच्या वाड्यावर वाढलेल्या पिल्लाला मेंढरं, माणसं, ढोल, गाड्या सगळं याच वयात भेटतं. शहरातल्या फ्लॅटमधल्या पिल्लालाही हळुवारपणे ते भेटवता येतं.

चौकट : थोडक्यात लक्षात ठेवा

- पूरक पदार्थ हे जोडीचे उपाय आहेत. सौम्य आणि लांबलेल्या ताणात त्यांचा काहीसा उपयोग होतो.
- अल्फा-कासोझेपिन, ट्रिप्टोफॅन आणि थिअनिन यांच्यावर थोडा अभ्यास झाला आहे. मित्रजिवाणूंना सुमारे सहा आठवडे द्यावे लागतात.
- डबीवर घटकाचं नाव, त्याचं प्रमाण, प्राण्याची जात आणि मुदत छापलेली नसेल तर घेऊ नका.
- कुत्र्याचं पूरक मांजराला किंवा माणसाचं पूरक प्राण्याला देऊ नका.
- जायफळ, बेदाणे, चहा, कापूर, पॅरासिटामॉल आणि झायलिटॉल यांपासून दूर ठेवा.
- मांजरानं चोवीस तास काही खाल्लं नाही किंवा लघवी अडली, तर लगेच दवाखाना.

डॉक्टरांकडे जायला लाजू नका

कुत्रं दारावर धडका देत असेल, स्वतःला जखमा करून घेत असेल, तासन्‌तास थरथरत असेल, तर गोळ्या-वड्यांचे प्रयोग थांबवा. अशा भीतीसाठी आज चांगली औषधं आहेत. आवाजाच्या धास्तीसाठी हिरडीवर लावायच्या डेक्समेडेटोमिडिनच्या जेलला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मान्यता दिली आहे. मांजराच्या प्रवासातल्या ताणासाठीही डॉक्टर औषध देऊ शकतात. कोणतं औषध, किती आणि कधी हे मात्र पशुवैद्यकच ठरवू शकतो. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत आणि साताऱ्यातल्या शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गाई-म्हशींइतकाच कुत्र्या-मांजरांचा आजार तिथल्या अभ्यासाचा भाग आहे.

शेवटी एक विनंती. ज्यांच्या घरी प्राणी नाही, त्यांच्याही हातात एक उपाय आहे आणि तो कोणत्याही पुडीपेक्षा जास्त गुणकारी आहे. मोठ्या आवाजाचे फटाके विकत घेऊ नका, रात्री दहानंतर वाजवू नका आणि गल्लीतल्या कुत्र्याच्या जवळ तर कधीच पेटवू नका. भटक्या कुत्र्याला कुणी गोळी देत नाही आणि त्याला शिरायला दिवाणही नसतो. त्याला मिळणारी शांतता फक्त आपल्याच हातून मिळू शकते.